काय आणलंस, काय ठेवलंस?

परगावाहून आलेल्या माणसाने पिशवी खाली ठेवायच्या आत घरातले पोर विचारते, “काय आणलं?” या प्रश्नाला आपल्याकडे कुणी अधाशीपणा म्हणत नाही. उलट, रिकाम्या हाताने परतणाऱ्याचेच जरा चुकले असे घरातल्या थोरांना वाटते. पंढरपूरहून येणारा बुक्का आणि चुरमुरे आणतो, जोतिबाहून येणारा गुलाल-खोबरे आणतो, नरसोबाच्या वाडीहून येणारा पेढे नाहीतर कवठाची बर्फी आणतो. काशीयात्रा करून आलेले आजी-आजोबा गंगेचे सीलबंद गडू आणीत. मग त्यांची पूजा होई, मावंदे घातले जाई आणि पंगतीला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर तीर्थ पडे.

यामागे एक सरळ हिशेब होता. प्रवास महाग, वाट अवघड. दहा घरांतून एखाद्यालाच जाता येई आणि तेही मागे राहिलेल्यांनी त्याचे घर राखले, गुरे सांभाळली म्हणून. तेव्हा जो गेला त्याने न गेलेल्यांचा वाटा घेऊन यायचा. या हिशेबाला दुसरी बाजूही होती. रामेश्वराची वाळू नेऊन गंगेत सोडायची आणि गंगेचे पाणी आणून रामेश्वराला घालायचे, तेव्हा कुठे यात्रा पुरी व्हायची. आणायचे, तसे ठेवायचेही. वाटेवरच्या नावाड्याच्या, धर्मशाळेतल्या गड्याच्या हातावर काहीतरी ठेवूनच पुढे निघायचे.

आता काशीच्या जागी पॅरिस आणि रोम आले आहेत. कोल्हापूर-सांगलीकडची मुले शिक्षणासाठी जर्मनीला जातात आणि सुट्टी लागली की पाठीवर सॅक टाकून युरोप पालथा घालतात. आठ खाटांच्या खोलीत निजायचे, रात्रीच्या बसने जायचे, दुपारी पावावर भागवायचे, असा हा प्रवास. सॅकमध्ये जागा बेताची आणि खिशात पैसे त्याहून बेताचे. पण घरून फोन येतोच : आत्याला स्विस चॉकलेट, शेजारच्या काकूंना फ्रिजवर लावायचे चुंबक, मामाच्या पोरांना आयफेल टॉवरची किल्ली-साखळी.

या साखळीची गंमत पाहण्यासारखी आहे. टॉवरच्या पायथ्याशी मोठ्या कड्यात ओवलेले छोटे छोटे टॉवर खुळखुळवीत फेरीवाले उभे असतात. त्यातले पुष्कळजण आफ्रिकेतून पोटासाठी आलेले असतात. रोम-फ्लॉरेन्सला छत्र्या आणि गुलाब विकणाऱ्यांत बांगलादेशी बरेच. आपल्या मुलांचा तिथला भाव हिंदीतच ठरतो. वस्तू बहुधा चीनमध्ये बनलेली. म्हणजे चीनची वस्तू परक्या मुलुखातून आलेल्या माणसाने फ्रान्समध्ये विकली, ती कोल्हापूरच्या घरात खुंटीला लागली आणि तिचे नाव झाले ‘पॅरिसची आठवण’! ‘सुव्हेनिर’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच आठवण असा आहे. पण या वस्तूत नेमकी कुणाची आठवण असते, हे सांगणे अवघड आहे.

स्वस्ताच्या मोहाला तिथे दंडही आहे. इटलीत नामांकित कंपनीची नक्कल केलेली पर्स रस्त्यावर घेतली तर विकणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. सार्डिनिया बेटावर तर किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपले उचलून नेणे हाच गुन्हा आहे. २०१९ मध्ये एक फ्रेंच जोडपे गाडीत सुमारे ४० किलो वाळू भरून निघाले होते, ते पकडले गेले. ‘आठवण म्हणून घेतली,’ असे त्यांचे म्हणणे. एकेकाने मूठमूठ नेली तरी किनारा किती दिवस उरणार?

कोल्हापूरला युरोपचा प्रवास नवा नाही. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जात होते त्या काळात, १८७० मध्ये, छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले. वय अवघे २० वर्षांचे. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबरला त्यांचा अंत झाला. तिथे दहनाची रीत नव्हती. तरीही अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. पंचगंगेच्या काठच्या राजाला परक्या नद्यांचा संगम लाभला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिची रचना चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. तिथल्या काशीने बागेच्या टोकाला ती छत्री आणि तिच्याखाली फेट्यातला अर्धपुतळा आजही आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात आणि जवळच्या मोठ्या पुलालाही तेच नाव पडले आहे. महाराजांच्या त्या प्रवासातून कोल्हापूरकरांसाठी आली ती त्यांची इंग्रजी रोजनिशी. १८७२ मध्ये ती लंडनला छापली गेली.

पुढे १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेले. केंब्रिजने त्यांना एलएल.डी. ही पदवी दिली. पण त्या प्रवासातून गावासाठी काय आले, हे विचारले तर कोल्हापूरचा कोणताही जुना माणूस खासबागेकडे बोट दाखवील. रोममधले प्राचीन कोलोझियम पाहून महाराजांच्या मनात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९१२ मध्ये मैदान उभे राहिले. शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही आखाड्यातला डाव दिसावा, अशी त्याची बांधणी. तिकडचे पाहिले आणि इकडच्या तांबड्या मातीत रुजवले, ते सगळ्या गावाला पुरले.

सॅक घेऊन निघालेल्या मुलाने मैदान बांधावे, असे कुणी म्हणणार नाही. पण पाहायचे कसे, हे त्यालाही ठरवता येते. राजाराम महाराजांची छत्री पाहायला फ्लॉरेन्सला गेलेल्या कोल्हापूरकराने सांता क्रोचे या चर्चच्या मागची चामड्याची शाळाही पाहून यावी. दुसऱ्या महायुद्धानंतर पोरक्या झालेल्या मुलांना हातात कसब मिळावे म्हणून तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी ती चर्मकार घराण्यांच्या मदतीने काढली. आज तिथे कारागीर काम करताना प्रवाशांना पाहता येतात. चामडे कसे कापतात, कडा कशी घोटतात, सोन्याचा वर्ख कसा चढवतात हे पाहिल्यावर लहानशा पाकिटाची किंमतही अवाजवी वाटत नाही आणि घासाघीस करायला जीभ रेटत नाही. तिथून आणलेले एक पाकीट पंचवीस किल्ली-साखळ्यांना भारी पडते, कारण देणाऱ्याला त्याची गोष्ट सांगता येते.

जी गोष्ट खरेदीची, तीच बक्षिसीची. युरोपात पहिल्यांदा गेलेल्या माणसाला सर्वांत मोठा घोर असतो तो बिलाच्या थाळीत किती ठेवायचे याचा. कमी ठेवले तर लाज आणि जास्त ठेवले तर चुटपुट. वास्तविक एवढे घाबरण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये १९८७ पासून मेनूवरच्या किमतीत सेवेचा आकार धरलेलाच असतो. जेवण मनापासून आवडले तर वर थोडी चिल्लर ठेवतात. स्वित्झर्लंडमध्ये १९७४ पासून तसेच आहे. इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ नावाची एक रक्कम दिसते. ती टेबलाची आणि पावाची. तिला बक्षिसी समजू नये. जर्मनीत थाळीत पैसे टाकून निघून जात नाहीत. बिल १८ युरोचे झाले तर २० ची नोट देताना ‘वीस’ एवढेच म्हणायचे, वाढपी समजतो. लंडनमध्ये पुष्कळ ठिकाणी साडेबारा टक्के आकार बिलात आधीच जोडलेला असतो, तेव्हा बिल न वाचता पुन्हा पैसे ठेवणे म्हणजे दोनदा देणे. ते पैसे मालकाने स्वतःकडे न ठेवता कामगारांनाच पोहोचवले पाहिजेत, असा कायदाही ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. बक्षिसी मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यायचे किमान वेतन तिथल्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंटवरच थांबलेले आहे. काही राज्यांनी आपापल्या हद्दीत ते वाढवले, पण जिथे वाढवले नाही तिथे वाढप्याचे घर गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चालते. म्हणजे एके ठिकाणी बक्षिसी ही खुशी आणि दुसऱ्या ठिकाणी पगाराचाच तुकडा. टक्केवारीच्या आधी हा फरक समजून घ्यावा.

सॅकवाल्या मुलांना यापेक्षा जवळचा एक प्रश्न पडतो. प्राग, बर्लिन, लिस्बन अशा शहरांतून ‘मोफत’ पायी सहली निघतात. एखादा तरुण वाटाड्या दोन-अडीच तास पायपीट करीत शहराचा इतिहास सांगतो. फी नसते. शेवटी ज्याने त्याने मनाला येईल ते द्यायचे आणि त्यावरच त्याची कमाई. हे ठाऊक असूनही शेवटच्या चौकात अलगद पांगणारे असतात. परवडत नसेल तर कमी द्यावे, समोर उभे राहून चार शब्द बोलावेत आणि मग निघावे. तोंड चुकवून निघणाऱ्याने मात्र त्याची दोन तासांची मजुरी बुडवली, दुसरे काय! हॉस्टेलमधून निघताना चादर काढून घडी करून ठेवणे, स्वयंपाकघरातली आपली भांडी विसळणे, हीही एक बक्षिसीच. तिला पैसा लागत नाही.

शब्दांतली मौज पाहा. फ्रेंचांचा ‘पूरब्वार’ आणि जर्मनांचा ‘ट्रिंकगेल्ट’ म्हणजे पिण्यासाठी दिलेले पैसे. रशियन लोक त्याच पैशाला चहाचे पैसे म्हणतात. आपले ‘चहापाणी’ तिथेही आहेच. आणि फारसीतून मराठीत आलेले ‘बक्षीस’ तुर्कांबरोबर पश्चिमेला गेले, ते रुमानिया-बल्गेरियात टीपेसाठी आजही वापरतात. आपल्याकडे तर प्रत्येक हातासाठी निराळा शब्द. गवयाला बिदागी, पहिलवानाला इनाम, बहिणीला ओवाळणी, दिवाळीत पोस्टमनला आणि कामवाल्या मावशींना पोस्त. ‘चहापाणी’ आणि ‘चिरीमिरी’ हे शब्द मात्र आपण कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर नासवले. काम झाल्यावर आपखुशीने दिले ती बक्षिसी आणि काम अडू नये म्हणून आधी दिले ती लाच, हे शाळकरी पोरालाही कळते.

आपल्याकडेही आता कायद्याची भाषा सुरू झाली आहे. हॉटेलांनी सेवा-आकार परस्पर बिलात जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ग्राहकाचा हक्क शाबूत राहिला, हे चांगलेच झाले. पण सक्ती गेली म्हणून टेबल पुसणाऱ्या पोराचा विसर पडावा, असा त्याचा अर्थ नाही. लंडनला साडेबारा टक्के निमूटपणे भरणारा माणूस कोल्हापुरात मिसळ खाऊन उठताना दहा रुपयांसाठी खिसा चाचपतो, तेव्हा त्या साडेबारा टक्क्यांत आदर किती होता आणि भीड किती होती, हे उघड होते.

आणि आपल्याच गावची आठवण-वस्तू? रविवारी अंबाबाईचे दर्शन घेऊन बाहेरगावची मंडळी चप्पल लाईनला येतात. कातडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत एका जोडामागे किती दिवस आणि किती हात लागतात, हे त्यांना माहीत नसते. ते घासाघीस करतात, यात नवल नाही. आपण गावचे लोक तरी काय करतो? जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. ते योग्यच होते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही वस्तू आहे. कंपनीला मूळ मान्य करावे लागले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करारही केला. पण ज्या कारागिराचे नाव मिलानने घेतले नाही म्हणून आपण रागावलो, त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सुभाषनगर-जवाहरनगरच्या गल्लीत बसून ज्या बाईने आपल्या चपलेची वेणी घातली, तिच्या हाती आपण मोजलेल्या पैशांतले किती पडले, हे आपण कधी विचारले?

परदेशी निघालेल्या मुलाला घरच्यांनी याद्या जरूर द्याव्यात. त्यात प्रेमच असते. फक्त यादी लहान करावी. जाताना त्याच्या सॅकमध्ये कागल तालुक्यातल्या कापशीचे नाव मिरवणारा एखादा कापशी जोड घालावा, तिकडच्या घरमालकिणीला नाहीतर मित्राला द्यायला, आणि तो कुणी केला तेही मुलाला सांगून ठेवावे. येताना त्याने चार हातांना पुरेल एवढेच आणावे, पण ज्याने केले त्याला पाहून आणावे. तो परतला की घरातले पोर ‘काय आणलं?’ विचारणारच, विचारू द्यावे. आजीने मात्र पुढचा प्रश्न विचारावा : “कुणाच्या हातचं आणलंस, बाळा? आणि त्याच्या हातावर काय ठेवून आलास?”