कोंडलेले मजले

मुंबईतल्या गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड किंवा मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड. खालच्या मजल्यांवरच्या पॅसेजमध्ये भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय कुलपाचे भोक सापडत नाही. दोन्ही बाजूंना घरांची दारे, मध्ये अरुंद वाट, आणि त्या वाटेवर प्रत्येक घरातली फोडणी, ओले कपडे, खोकला, उदबत्ती असे सगळे एकत्र साचलेले. बाहेरची हवा तिथपर्यंत पोहोचतच नाही. रस्त्यांसारख्या प्रकल्पांसाठी झोपड्या सोडाव्या लागलेल्या माणसांना पक्के घर म्हणून जे मिळाले, ते हे आहे.

या कोंडलेपणाची किंमत मोजली गेली आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईतील अभ्यासकांच्या साथीने पूर्व उपनगरातील तीन पुनर्वसन वसाहतींची घरोघर जाऊन पाहणी केली. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. वर उल्लेखलेल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तिसऱ्या, जुन्या आणि मोकळ्या बांधणीच्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळले. माणसे त्याच आर्थिक थरातली. मोठा फरक होता तो इमारतींच्या मांडणीत. पहिल्या दोन ठिकाणी इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर होते, म्हणून खालच्या घरांना ना ऊन मिळत होते ना वारा. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो, बंद जागेत तासन्‌तास तरंगत राहतो आणि सूर्यप्रकाशात मरतो. ज्या इमारतीत ऊन आणि खेळती हवा दोन्ही नाहीत, तिथे एका घरातला रुग्ण सगळ्या मजल्याचा प्रश्न होतो. सरकार रुग्णाला मोफत औषधे देते, पोषणासाठी दरमहा हजार रुपये देते, आणि तो रुग्ण औषध घेऊन त्याच पॅसेजमधून घरी परततो.

हे सगळे मुंबईला नव्याने कळलेले नाही. १८९६ च्या प्लेगने शहर हादरले आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने गरिबांची हजारो घरे पाडली आणि त्यांतल्या अनेकांना वाऱ्यावर सोडले, हे विसरता येणार नाही. पण त्याच ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या उजेड-हवेविषयी एक सोपा नियम ठामपणे मांडला. इमारतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेघ काढावी, समोरचे बांधकाम त्या रेघेच्या वर जाऊ नये. गणित केले तर अर्थ इतकाच, की समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. या हिशेबाने सात मजली, म्हणजे साधारण एकवीस मीटर उंचीच्या इमारतीसमोर साडेदहा मीटर मोकळी जागा लागते. गोवंडीत ती तीन मीटर आहे. परकीय राजवटीतल्या अधिकाऱ्याला जे कळले होते, ते जवळपास शतकानंतर स्वतंत्र देशाच्या नियोजनकारांनी बाजूला ठेवले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

ते बाजूला का ठेवले, याचे उत्तर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या अर्थकारणात आहे. या योजनेत हेक्टरी किमान साडेसहाशे घरे बसवावी लागतात आणि मोकळ्या जागांच्या नियमांत सवलती मिळतात. दोन मीटर रुंदीपर्यंतचा पॅसेज चटईक्षेत्रात मोजला जात नाही. त्यामुळे पॅसेज बांधणे विकासकाला जड जात नाही. जड जाते ते त्याची टोके मोकळी ठेवणे, कारण त्या जागी आणखी दोन घरे बसतात. मग टोकाची खिडकी जाते, पॅसेज आतल्या आत संपतो आणि उरते ती डक्टकडे उघडणारी एखादी झडप. त्या डक्टमध्ये सांडपाण्याचे पाइप आणि वरून पडलेला कचरा. त्याच जागेवर विकासक बाजारात विकण्यासाठी बांधतो त्या विक्रीच्या इमारतीला मात्र सभोवार मोकळी जागा, ऐसपैस लॉबी मिळते, आणि ती मिळते पुनर्वसनाची इमारत आक्रसून.

हवा अडते तिथे धूरही अडतो. गोरेगावच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे पार्किंगमध्ये आग लागली. किमान सात जणांचा जीव गेला, अनेक रहिवासी धुराने गुदमरले. अशा आगीत ज्वाळांच्या आधी धूर वर चढतो, जिना त्याची चिमणी होतो आणि गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर तो वरच्या मजल्यांवर साठतो. चोरीच्या भीतीने शहरातल्या असंख्य इमारतींत हे कुलूप असते. पॅसेजमध्ये चपलांचे रॅक, कपाटे, सायकली असतात. तीनशे चौरस फुटांत सहा माणसे राहणार असतील, तर कपाट बाहेर येणारच; तरीही ही वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी रहिवाशांचीही आहे, हे त्यांना स्पष्ट सांगायला हवे.

पंखे बसवून हे सुटेल, असे सांगणाऱ्यांनी एखाद्या पुनर्वसन सोसायटीचे सामायिक वीजबिल पाहावे. जिथे लिफ्टच्या दुरुस्तीला पैसे जमत नाहीत, तिथे एक्झॉस्ट पंखा पहिल्या बिघाडानंतर कायमचा थांबतो. या इमारतींना वीज न लागणारी हवाच परवडते. त्यासाठी पॅसेजची दोन्ही टोके थेट बाहेर उघडायला हवीत, कारण एकाच बाजूची खिडकी असली तर हवा आत येऊन कुठे जाणार? जिन्याला प्रत्येक मजल्यावर खिडकी आणि माथ्यावर कायम उघडी जाळी हवी. लांब पॅसेजला मध्ये कुठेतरी आकाश दिसणारी मोकळीक हवी. मुंबईच्या जुन्या चाळींच्या सलग गॅलरीने हे काम शंभर वर्षे विनाखर्च केले.

वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये उंच इमारतींत पाचशे चौरस फुटांची घरे मिळाली. ही चांगली गोष्ट आहे, आणि मोठे घर हा त्यांचा हक्कच होता. पण धारावीच्या पुनर्विकासात याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर घरे उभी राहायची आहेत. तिथल्या घराचे चौरस फूट किती, पात्र कोण आणि अपात्र कोण, यावर रान पेटले आहे. पॅसेजबद्दल कोणीच बोलत नाही, कारण तो कोणा एकाच्या मालकीचा नाही. सरकारने पुनर्वसन इमारतींतील अंतराच्या सवलती मागे घ्याव्यात, आणि त्यामुळे घटणाऱ्या घरांचा बोजा विक्रीच्या भागावर टाकावा. पॅसेजच्या दोन्ही टोकांना बाहेरची हवा नसेल, तर नकाशा मंजूर होऊ नये. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी अग्निशमन अधिकाऱ्याबरोबर प्रभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यानेही दुपारी, दिवे बंद करून, प्रत्येक मजल्यावरून चालत जावे आणि त्याची सही नसेल तर एकाही कुटुंबाला त्या इमारतीत पाठवू नये. गोवंडी-मानखुर्दमध्ये जे उभे राहिले आहे, तिथे निदान तळमजल्यांवरची कुटुंबे मोकळ्या इमारतींत हलवून त्या मजल्यांच्या भिंती उघडण्याचे काम महापालिका आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) याच आर्थिक वर्षात हाती घ्यावे.