बोटीवरचं पोस्ट बंद होतं म्हणून...

फ्लॅटचं टोकन देऊन घरी आलं की त्या रात्री झोप लागत नाही. हप्ते झेपतील ना? घाई तर नाही ना झाली? चार्ल्स हेन्री रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाचं १९५३मध्ये अगदी हेच झालं. फक्त त्याने ऑफर दिली होती ती सहाशे वर्षं जुन्या, सत्तरच्या वर खोल्यांच्या आणि चहूबाजूंनी पाण्याचा खंदक असलेल्या घरासाठी!

हे घर इंग्लंडच्या केंट परगण्यात आहे. नाव 'आयटम मोट'. (हसू नका, स्पेलिंग वेगळं असलं तरी उच्चार अस्साच.) खंदक म्हटलं की आपल्याला तोफा आठवतात, पण हा जमीनदाराचा राहता वाडा. मधे चौक, भोवती खोल्या. १४व्या शतकापासून जो मालक आला, त्याने आपली भर घातली. आठव्या हेन्रीच्या काळातल्या मालकाकडचं रंगवलेलं छत अजून आहे. त्यावर राणी कॅथरीनचं चिन्ह, डाळिंब. राजाने राणीला सोडलं, डाळिंब मात्र राहिलं. १९व्या शतकाअखेर सर थॉमस कॉलियर-फर्ग्युसन आले. त्यांच्या डायडो या सेंट बर्नार्ड कुत्रीचं चौकातलं घर आज चक्क वारसा यादीत सर्वोच्च श्रेणीत आहे! त्यांचा धाकटा मुलगा मात्र ३१ जुलै १९१७ला पहिल्या महायुद्धात गेला. वय २१, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

१९५१मध्ये सर थॉमस वारले आणि घर विक्रीला निघालं. छपरावरच्या शिशासाठी ते पाडायची भाषा सुरू झाली, तेव्हा तीन स्थानिक व्यावसायिकांनी ते विकत घेऊन वाचवलं. माझ्या मते खरे हिरो हेच.

मग आला रॉबिन्सन. ऑफर देऊन बोटीने परत जाताना त्याचा धीर सुटला, त्याने नकाराचं पत्र लिहिलं. पण बोटीवरचं पोस्ट बंद होतं, असा किस्सा सांगतात. घर घेतलं. टॅक्सच्या भानगडीमुळे तो वर्षातून १४ आठवडेच तिथे राहायचा, तरी दुरुस्त्या करत राहिला. १९६५मध्ये त्याने ते नॅशनल ट्रस्टला द्यायचं जाहीर केलं. १९८५मध्ये तो गेला. त्याच्या अस्थी तिथल्याच भिंतीत आहेत.

ट्रस्टने १९८९ ते २००४ घराचा बराचसा भाग सुटा करून पुन्हा उभारला. खर्च एक कोटी पौंडांच्या वर! लंडनला ऑनसाइट गेलात तर एक सुट्टी इथे नक्की काढा. डायडोचं घर चुकवू नका.