आयकता तर येते ना!



रिठदला बचत गटाचा हिशेब आटोपला की आम्ही कधीकधी गोष्ट वाचायला बसतो. फी नाही, नावनोंदणी नाही. पुस्तक एकच. एकीने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. इंग्रजी असेल तर मी घरून वाचून येते आणि आपल्या बोलीत सांगते. "वाचून का पोट भरते?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. एक आजी म्हणाल्या, "आमाले वाचता येत नाही, पण आयकता तर येते ना!"

अलीकडे सांगितली ती ऑक्टेव्हिया बटलर या काळ्या अमेरिकन लेखिकेची 'किंड्रेड' (१९७९). १९७६ सालातली डेना कॅलिफोर्नियातल्या घरातून अचानक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मेरीलँडमधल्या गुलामांच्या मळ्यावर ओढली जाते. मळेवाल्याच्या मुलाचा जीव तिला पुन्हापुन्हा वाचवावा लागतो, कारण तोच तिचा पूर्वज. शेवटी परतते ती एक हात गमावून.

बटलरची आई लोकांच्या घरी कामाला जायची, मागच्या दाराने. मुलीला त्याची लाज वाटे. आईने ते सोसले म्हणून आपल्या ताटात अन्न पडले, हे तिला पुढे उमगले. ते उमगणे या कादंबरीमागे आहे.

हे ऐकून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे माझी आजी गप्प राहिली, ते भित्री होती म्हणून नाही?" बराच वेळ कोणी बोलेना. मग म्हाताऱ्या बोलू लागल्या.

हा धागा आपल्याला नवा नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. बेबी कांबळे फलटणला आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या. त्यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले.

काही कार्यकर्त्या विचारतात, वास्तव रोज भोगतो, मग कल्पित कशाला? अहवाल काय घडले ते सांगतो. 'तिथे मी असते तर?' हे विचारायला गोष्टच लागते. आणि जिला वेगळे गाव मनात आणता येत नाही, ती ते मागणार तरी कसे?

पण एक सावधगिरी हवी. बैठक देवळात भरवली तर काही जणी पायरीशीच थांबतात, विहारात भरवली तर काही येतच नाहीत. अमेरिकेतल्या मागच्या दाराची गोष्ट ऐकायची आणि आपल्या गावातले मागचे दार कुठे आहे हे विचारायचे नाही, तर ती नुसती करमणूक होईल. जागा अशी निवडा, जिथे प्रत्येकीला समोरून आत येता येईल. त्या संध्याकाळी घरी भाकरी कोण थापणार, हेही आधी ठरवा.

आमच्या पुढच्या बैठकीत पुस्तक नाही. प्रत्येकीने आपल्या आजीची एक गोष्ट आणायची आहे. तुमच्या गावातही बसून पाहा, आणि काय निघाले ते आम्हाला कळवा.