मांडवाला पैसा, दिवाबत्तीला नाही

माउलींची पालखी नीरेचे पात्र ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा एरवी कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे हे गाव अवघ्या महाराष्ट्राच्या नजरेत भरते. रस्ते झाडले जातात, पाण्याचे टँकर उभे राहतात, कमानी लागतात, पाहुण्यांची वर्दळ होते. पुढे पालखी तरडगावची वाट धरते, चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते आणि गाव पुन्हा आपल्या उद्योगाला लागते. लोणंदसारख्या गावोगावी जी भजनी मंडळे वर्षभर एकादशीमागून एकादशी टाळ-मृदंगाचा घोष अखंड ठेवतात, त्यांच्याकडे मात्र नंतर कोणी वळून पाहत नाही. पखवाजाची शाई उडालेली असते, पेटीचा भाता फाटलेला असतो, बैठकीच्या खोलीचे वीजबिल थकलेले असते. हा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात बसत नाही.

जी गोष्ट भजनी मंडळाची, तीच हौशी नाट्यमंडळाची, तीच संध्याकाळी भरणाऱ्या गायन-वादन वर्गाची आणि तीच वर्गणीवर चालणाऱ्या व्याख्यानमालेची. महाराष्ट्राचे शासन कलेसाठी काहीच करीत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. शासन खर्च करते. परंतु तो मुख्यतः दोन टोकांना करते. एक टोक सोहळ्याचे आहे आणि दुसरे कलावंताच्या उतारवयाचे. या दोन टोकांच्या मध्ये कला जिथे प्रत्यक्ष शिकली जाते, चुकत-माकत घडते आणि एका पिढीकडून दुसरीकडे जाते, ती जागा रिकामीच राहिली आहे. प्रश्न आहे तो या मधल्या जागेचा.

सोहळ्याचे उदाहरण दूरचे नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे शासकीय अनुदान २०२३ साली ५० लाखांवरून २ कोटी रुपये झाले. ९९वे संमेलन जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यासच भरले. ज्या जिल्ह्याने मराठी विश्वकोशाला वाईत घर दिले, त्या जिल्ह्यात सारस्वतांचा मेळा भरावा यात कोणालाही आनंदच वाटेल. वारीच्या बाबतीतही शासनाने २०२४ साली प्रमुख पालख्यांबरोबर चालणाऱ्या दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये देण्याची घोषणा केली. दुसऱ्या टोकाला, वृद्ध साहित्यिक व कलावंतांचे मानधन २०२४ साली सरसकट दरमहा ५ हजार रुपये करण्यात आले. थकल्या हातांना दिलेला हा आधार योग्यच आहे. तथापि, ज्या मंडळात त्या कलावंताने पहिल्यांदा ढोलकीवर थाप मारली, ते मंडळ आज जिवंत आहे की नाही, याची विचारपूस कोणत्याही योजनेत नाही. म्हातारपणी सन्मान मिळणारे कलावंत पंचवीस वर्षांनंतर येणार कोठून, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

याचे कारण शासनाच्या मनोवृत्तीत शोधावे लागेल. सोहळा डोळ्यांना दिसतो. त्याचे उद्घाटन करता येते, छायाचित्र छापून येते, खर्चाचा हिशेब एका तारखेला सुरू होऊन दुसऱ्या तारखेला मिटतो. खोलीचे भाडे, विजेचे बिल, तंबोऱ्याच्या तारा, तबलजीचे येण्याजाण्याचे भाडे आणि लेखापरीक्षकाची फी या गोष्टींचे उद्घाटन होत नाही. उद्योगसमूहांचा सामाजिक निधीही याच वाटेने जातो. कंपनी कायद्याने २०१४ पासून कला व संस्कृती हा विषय त्या निधीच्या कक्षेत आणला. खंडाळा तालुक्यात शिरवळ-लोणंद पट्ट्यात कारखानदारी वाढली. परंतु देणाऱ्याला ठळक नावाचा ‘उपक्रम’ हवा असतो, आणि चालू खर्च भागविणे हा उपक्रम मानला जात नाही. त्यामुळे लहान संस्थेवर एक विचित्र पाळी येते. पैसा मिळावा म्हणून तिला नवा कार्यक्रम योजावा लागतो, तो पार पाडण्यात कार्यकर्ते दमून जातात आणि मूळचे काम मागे पडते. दिवा लावण्यासाठी तेल मागावे आणि हाती आतषबाजीचे सामान पडावे, अशी ही गत आहे.

वस्तुतः नित्याच्या खर्चाची तरतूद ही कल्पना या मातीला परकी नाही. मराठेशाहीत मंदिराच्या दिवाबत्तीसाठी, चौघड्यासाठी, कीर्तनासाठी जमिनी इनाम दिल्या जात. ही देणगी एखाद्या उत्सवापुरती नसे. जमीन पिकेल तोवर नंदादीप तेवावा आणि चौघडा वाजावा हा तिचा हेतू. इंग्रजी अमलात १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनने या साऱ्यांची झडती घेतली हा इतिहास परिचितच आहे. त्या व्यवस्थेत जातीची आणि वतनाची बंधने होती. ती पुन्हा आणावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेले शहाणपण विसरण्याजोगे नाही. वारीचेच पाहावे. आजच्या स्वरूपातील माउलींचा पालखी सोहळा १८३२च्या सुमारास ज्यांनी सुरू केला, ते हैबतबाबा सातारा जिल्ह्यातील आरफळचे. त्यांच्या भक्तीला साथ मिळाली ती अंकलीच्या शितोळे सरकारांची. अंकलीहून माउलींचे अश्व आजही दरसाल आळंदीस येतात. ‘यंदा काही नवीन दाखवा, मग अश्व पाठवू’, असे कोणी म्हटले नाही. दरसाल तेच, वेळेवर आणि न मागता मिळत राहिले. सोहळा जवळजवळ दोनशे वर्षे टिकण्यात वारकऱ्यांच्या निष्ठेबरोबर या नियमितपणाचाही वाटा आहे.

आसपासच्या परिसरातील ज्या संस्था तग धरून राहिल्या, त्यांची कथाही हेच सांगते. औंधला १९४० साली पंडित अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला. पंडित गजाननबुवांनी तो पुढे नेला आणि त्यांच्या शिष्यपरिवाराने तो आजतागायत जपला. कृष्णाकाठी औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाने १९३९ पासून मकर संक्रांतीला साहित्य संमेलनाचा परिपाठ ठेवला. कवी सुधांशू यांचे नाव त्या मंडळाशी कायमचे जोडले गेले आहे. या दोन्ही ठिकाणी कोणातरी एका कुटुंबाने वा मित्रमंडळाने वर्षभराचा भार मुकाट्याने उचलला. अशा निष्ठेला तोड नाही. पण प्रत्येक गावाला गजाननबुवा किंवा सुधांशू लाभत नाहीत, आणि सार्वजनिक धोरण अपवादात्मक माणसांच्या भरवशावर आखता येत नाही. एखाद्या शिक्षकाची बदली झाली, एखादा कारकून निवृत्त होऊन मुलाकडे पुण्यास गेला, की गावातले नाट्यमंडळ बंद पडते. हा अनुभव जुनाच आहे.

यावर उपाय शोधण्यासाठी फार लांब जावयास नको. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून त्यांना दरसाल परिरक्षण अनुदान देण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली. ‘परिरक्षण’ हा शब्दच बोलका आहे. ग्रंथालयाने काही नवे करावे अशी अट त्यात नाही. ते उघडे राहावे, पुस्तके घ्यावी, वाचकाला द्यावी, हिशेब ठेवावा, इतकेच. खेड्यापाड्यांत हजारो ग्रंथालये आज उघडी दिसतात ती या एका तत्त्वामुळे. रक्कम तुटपुंजी आहे हे खरे. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२ साली झालेल्या ६० टक्के वाढीनंतर ही रक्कम ४८ हजारांवर गेली. म्हणजे महिन्याला ४ हजार रुपये, आणि त्यातच ग्रंथपालाचे मानधन, पुस्तके, वर्तमानपत्रे व वीज भागवायची. ग्रंथालय कर्मचाऱ्यांची तक्रार त्यामुळेच न्याय्य ठरते. तरीही तत्त्व म्हणून हे अनुदान मोलाचे आहे, कारण संस्थेच्या नुसत्या असण्याला ते किंमत देते.

हेच तत्त्व लहान कलासंस्थांना का लावू नये? तीन वर्षे नोंदणी असलेली, सार्वजनिक न्यास कायद्याखाली दरसाल लेखापरीक्षित हिशेब सादर करणारी आणि आठवड्यातून ठरावीक दिवस प्रत्यक्ष तालीम वा शिकवणी चालविणारी संस्था पात्र धरावी. तिला ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाइतकी रक्कम, एकदा मंजूर झाल्यावर तीन वर्षांसाठी, दोन हप्त्यांत आणि ठरल्या महिन्यात मिळावी. ती भाडे, वीज, वाद्यदुरुस्ती, शिक्षकाचे मानधन आणि हिशेबतपासणी यांवरच खर्च व्हावी. फलक, हारतुरे आणि स्मरणिका यांवर नव्हे. खर्चाचा काही हिस्सा संस्थेने वर्गणीतून उभा करावा, म्हणजे गावाचा हात सुटणार नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची गुरू-शिष्यांना मासिक मानधन देणारी योजना आहे. पण तिचा अर्ज, तिचे निकष आणि तिची दिल्लीपर्यंतची वाट तालुक्याच्या गावातील मंडळाच्या आवाक्यातली नाही. मंजुरी जिल्ह्यातच मिळाली पाहिजे.

आर्थिक भाराचा आक्षेप घेतला जाईल. परंतु एका संमेलनाच्या २ कोटी रुपयांत ४८ हजारांप्रमाणे ४१६ संस्थांचे एक वर्ष निघते. संमेलनाचे पैसे कापावेत असा याचा अर्थ नव्हे. चार दिवसांच्या मांडवासाठी जे सहज सापडते, ते बारा महिन्यांच्या दिव्यासाठी सापडत नाही असे म्हणण्यास जागा उरत नाही, एवढाच आहे. शिवाय सारा भार राज्याच्या तिजोरीवरच पडला पाहिजे असेही नाही. मद्रास प्रांताने १९४८च्या ग्रंथालय कायद्यात उपकराची तरतूद केली. केरळनेही पुढे स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसविला. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी तरतूद नाही. लोणंद आता नगरपंचायतीचे गाव आहे. कर बसविण्याचे धाडस होत नसेल, तर संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या शाळेच्या खोल्या विनाभाडे देण्याचे औदार्य तरी स्थानिक संस्थांनी दाखवावे. जागा मिळाली की मंडळाच्या खर्चातील एक मोठी बाब नाहीशी होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनुदान आले की कागदावरच्या संस्था उगवतात. ग्रंथालयांच्या बाबतीत हा अनुभव आलेला आहे. २०१२ साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी करावी लागली, आणि त्यानंतर बराच काळ नव्या ग्रंथालयांची मान्यता व वर्गवाढ बंद राहिली. काही लबाडांचे प्रायश्चित्त अनेक प्रामाणिकांनी घेतले. यातून घ्यावयाचा धडा एवढाच की तपासणी अनुदानाच्या आधी आणि दरसाल व्हावी. वीस-पंचवीस वर्षांनी एकदम नव्हे. जिल्ह्यातील शिक्षक व कलावंत यांची छोटी समिती पूर्वसूचना न देता तालमीच्या दिवशी जाऊन बसली, आणि अनुदानित संस्थांची यादी रकमेसह नगरपंचायतीच्या फलकावर लागली, तर खोटी संस्था फार दिवस लपणार नाही. कोणाची पेटी वाजते आणि कोणाची नाही, हे गावाला ठाऊक असते.

तिसरा आक्षेप स्वाभिमानाचा. सरकारचा पैसा घेतला की सरकारचे गाणे गावे लागेल, ही भीती निराधार म्हणता येणार नाही. ज्या जिल्ह्यात सत्यशोधकी जलशांनी प्रस्थापितांना धारेवर धरले, तेथे ती वाटणे स्वाभाविक आहे. पण नीट पाहिले तर मिंधेपणा निपजतो तो कृपेतून. दर कार्यक्रमागणिक अर्ज करावा लागतो, मर्जी सांभाळावी लागते, पाहुणा कोण बोलवायचा याचा विचार करावा लागतो. नियमाने, सर्वांना सारखी, विषयाची अट न घालता मिळणारी रक्कम हा हक्क होतो आणि हक्काला कोणापुढे वाकावे लागत नाही. ग्रंथालयाने कोणते पुस्तक घ्यावे हे आमदार ठरवीत नाही. मंडळाने कोणते नाटक बसवावे हेही कोणी ठरवू नये.

मराठी रंगभूमीचा आरंभ ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांच्या प्रयोगाने झाला, हे दर रंगभूमीदिनी अभिमानाने सांगितले जाते. त्या प्रयोगामागे श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. संस्थानिक गेले, इनामे गेली. ते योग्यच झाले. मात्र त्यांच्याबरोबर नित्याच्या आश्रयाची जबाबदारी कोणाकडे आली, याचा निर्णय लोकांच्या राज्यात अद्याप झालेला नाही. पुढच्या आषाढात पालखी पुन्हा नीरा ओलांडील आणि लोणंदच्या वेशीवर टाळ-मृदंगांचा गजर होईल. तो ऐकताना, त्यातल्या किती मृदंगांना या वर्षी शाई लावता आली, एवढी चौकशी जरी राज्यकर्त्यांनी केली, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.