माणूसपणाचा दाखला मागणारे आपण कोण?

वारीत समोर येईल त्याच्या पाया आपण पडतो. त्याला किती कळते, काय आठवते, हे विचारीत नाही. माउलीहो, हीच रीत आपण घरातल्या अंथरुणापर्यंत नेतो का?

वैद्यकीय नीतिशास्त्रात एक मत बरीच वर्षे जोर धरून आहे. माणसाच्या पोटी जन्मलेला प्रत्येक जण 'व्यक्ती' नव्हे. ज्याला स्वतःची जाणीव आहे, काल-उद्याचे भान आहे, तोच व्यक्ती, असे ते मत. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७९ साली 'प्रॅक्टिकल एथिक्स' या ग्रंथात ते मांडले. मुक्या जनावरांच्या वेदनेची बाजूही त्याने घेतली, तेवढे आपल्याला पटेल. पण ज्याचे भान गेले, त्याचे माणूसपणही गेले काय?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अत्याचार झाला. गळा साखळीने आवळल्याने मेंदूला इजा झाली. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी देह ठेवीपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. ज्यांनी अरुणाताईंना चालताना कधी पाहिले नव्हते, त्यांनीही त्यांना भरवले, पुसले, कुशीवर वळवले. पडून पडून होणाऱ्या जखमा त्यांनी होऊ दिल्या नाहीत. अन्न थांबवण्याची मागणी न्यायालयात गेली, तेव्हा त्याच परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी फेटाळली.

कोणी म्हणेल, मग यंत्रावर श्वास ओढतच ठेवायचे का? मुळीच नाही. देह थकला की निरोप घ्यावा, याची वारकऱ्याला भीती नाही. २०१८ साली न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आधी लिहून ठेवलेली इच्छा मान्य केली, तेही योग्यच. पण 'या माणसाच्या यातना आता लांबवू नका' हे एक बोलणे, आणि 'इथे आता माणूसच नाही' हे दुसरे. पहिल्यात करुणा आहे. दुसऱ्यात हिशेब आहे, आणि तो हिशेब उद्या मतिमंद लेकराच्या पाळण्यापाशीही जाईल.

आता आपल्या घरात पाहा. 'आजीला काही कळत नाही, नुसता देह उरलाय,' असे तिच्या उशाशीच बोलणारे आपणच ना? सिंगरचे नावही न ऐकता आपण त्याचाच सिद्धान्त चालवतो. पुंडलिकाने सेवेसाठी देवाला विटेवर उभे केले. आईबाप आपल्याला ओळखतात का, याची परीक्षा घेऊन त्याने पाय चेपले, असे कोणत्या कीर्तनात ऐकलेत?

आणखी एक कटू बोलतो. वारी चुकू नये म्हणून आपण निघतो. मागे आजीची कूस दर दोन तासांनी कोण बदलते? बहुधा सूनच. तिच्या सेवेला आपण घरकाम म्हणतो आणि आपल्या चालण्याला भक्ती! यंदा प्रस्थानापूर्वी तिला विचारा, रात्रीची पाळी कोण घेणार? कोणीच नसेल, तर एक वर्ष आपण घ्या. पांडुरंगाला थांबायची सवय आहे.

रामकृष्ण हरी.