कोलफॅक्सचा फलक आणि ग्रँटची बदनामी

लुइझियाना राज्यात कोलफॅक्स नावाचं छोटं गाव आहे. १९५० च्या सुमारास राज्य सरकारने तिथे एक फलक उभारला. त्यावरच्या मजकुराचा आशय असा होता: १३ एप्रिल १८७३ रोजी या जागी दंगल झाली, तीन गोरे आणि दीडशे निग्रो मारले गेले, आणि बाहेरून दक्षिणेत घुसलेल्या संधिसाधूंच्या कारभाराचा त्या दिवशी शेवट झाला. तिघांसमोर दीडशे. हा आकडा समोर असताना ज्यांना ‘दंगल’ हाच शब्द सुचला, त्यांच्याच हातात पुढची कित्येक दशकं इतिहासाची लेखणी राहिली. फलक २०२१ च्या मे महिन्यात काढला गेला, तोवर तो तिथे सुमारे सत्तर वर्षं उभा होता.

झालं होतं ते असं. १८७२ च्या निवडणुकीचा निकाल वादात सापडला होता आणि कोलफॅक्सच्या कचेरीचा ताबा काळ्या नागरिकांनी धरून ठेवला होता. ईस्टरच्या रविवारी बंदुका आणि एक छोटी तोफ घेऊन गोऱ्यांचा जमाव आला. इमारत पेटवली गेली. शरण आलेल्या कितीतरी कैद्यांना त्याच रात्री गोळ्या घातल्या गेल्या. त्या परगण्याचं नाव होतं ग्रँट, आणि गावाचं नाव ग्रँटच्या पहिल्या उपाध्यक्षावरून, स्कायलर कोलफॅक्सवरून ठेवलेलं. मारेकऱ्यांना आपण कोणाच्या राज्यावर गोळ्या झाडतो आहोत, हे पक्कं ठाऊक होतं.

युलिसिस ग्रँट हा अमेरिकेचा अठरावा अध्यक्ष, १८६९ ते १८७७. जवळजवळ शंभर वर्षं त्याची जी नालस्ती झाली, ती या फलकाच्याच शाईने लिहिलेली आहे, असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडे वादाची रीत आहे की आधी पूर्वपक्ष पुरता मांडावा. तो मांडतो.

आक्षेपक म्हणतात, ग्रँट रणांगणावर कसाई होता, खाजगीत दारुडा होता, आणि अध्यक्ष म्हणून चोरांच्या टोळीचा आश्रयदाता होता. १९४८ साली आर्थर श्लेसिंजर (थोरले) यांनी इतिहासकारांकडून अध्यक्षांची प्रतवारी करून घेतली, तेव्हा ‘नापास’ या रकान्यात दोनच नावं आली: ग्रँट आणि वॉरन हार्डिंग. १९८१ साली विल्यम मॅकफीली यांचं ग्रँट-चरित्र आलं, त्याला पुलित्झर पारितोषिकही मिळालं, आणि त्यातला ग्रँट फारसा उजळ नव्हता. म्हणजे हा पक्ष ऐऱ्यागैऱ्यांचा नाही, मोठ्या विद्वानांचा आहे.

कसाईपणाच्या आरोपाला फार वेळ देण्याची गरज नाही. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती म्हणून १८६४ च्या जूनमध्ये कोल्ड हार्बरला त्याने केलेला हल्ला निष्फळ होता, हजारो माणसं फुकट पडली, आणि त्याची खंत ग्रँटने स्वतः आपल्या आत्मचरित्रात नोंदवली आहे. पण फोर्ट डोनेल्सन, व्हिक्सबर्ग आणि अॅपोमॅटॉक्स अशा तीन ठिकाणी त्याने शत्रूची अख्खी सैन्यं शरण आणली. शरण आलेलं सैन्य मरत नाही. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या उपाशी सैनिकांना त्याने शिधा दिला आणि ज्यांचे घोडे स्वतःचे होते त्यांना ते घरी न्यायची मुभा दिली, कारण वसंत ऋतूची नांगरट तोंडावर होती. कसाई असं वागत नाही. दारूचं म्हणाल, तर तरुणपणी कॅलिफोर्नियातल्या एकाकी छावणीत तो पीत होता आणि १८५४ मध्ये त्याने लष्कराचा राजीनामा दिला. व्यसनाशी त्याचा झगडा खरा होता, आणि त्याचा साथी जॉन रॉलिन्स त्याच्यावर पहारा ठेवत असे, हेही खरं. ज्या माणसाने हा झगडा करत एवढं युद्ध जिंकलं, त्याला त्या झगड्यासाठी शिव्या देणारे मला क्षुद्र वाटतात.

भ्रष्टाचाराचा आरोप मात्र नीट तपासला पाहिजे. तो खोटा नाही. व्हिस्की उत्पादक आणि सरकारी करवसुली अधिकारी मिळून सरकारी कर गिळत होते. १८७५ च्या मे महिन्यात अर्थमंत्री बेंजामिन ब्रिस्टो यांनी छापे घातले, शेकडोंवर आरोप ठेवले, शंभराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. कोणाही दोषीला सोडू नका, असं ग्रँटने लिहून दिलं होतं. पण धागा त्याचा खाजगी सचिव ऑर्व्हिल बॅबकॉक याच्यापर्यंत पोचला, तेव्हा ग्रँट डगमगला. त्याने बॅबकॉकच्या बाजूने शपथेवर साक्ष दिली आणि बॅबकॉक सुटला. ही चूक होती, आणि मी ती झाकणार नाही. युद्धात पाठीशी उभा राहिलेला माणूस फसवणार नाही, असं ग्रँट आयुष्यभर मानत राहिला आणि आयुष्यभर फसत राहिला. युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅप लाच घेताना उघडा पडला, तेव्हा त्याचा राजीनामा ग्रँटने तडकाफडकी मंजूर करून टाकला, तोही याच स्वभावापायी.

पण याच यादीत क्रेडिट मोबिलियेचं रेल्वे-प्रकरणही हटकून ग्रँटच्या नावावर घातलं जातं. ते उजेडात आलं १८७२ साली, ग्रँटच्या कारकिर्दीत. काँग्रेसच्या सदस्यांना स्वस्तात समभाग वाटले गेले ते १८६७-६८ मध्ये, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष असताना. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की स्वतः ग्रँटने कधी पैसा खाल्ल्याचा पुरावा त्याच्या कट्टर वैऱ्यांनाही मिळाला नाही. उलट १८८४ मध्ये फर्डिनांड वॉर्ड नावाच्या भागीदाराने त्याला पुरता बुडवलं. त्या वेळी विल्यम व्हँडरबिल्टकडून घेतलेल्या दीड लाख डॉलरच्या कर्जापोटी त्याने आपल्या तलवारी आणि मानाच्या वस्तू देऊन टाकल्या. मग घशाचा कर्करोग झाला. बायकोपोरांना काही उरावं म्हणून, गिळणंही असह्य झालेल्या अवस्थेत, त्याने दोन खंडांचं आत्मचरित्र पुरं केलं आणि काही दिवसांतच, २३ जुलै १८८५ ला, माउंट मॅकग्रेगर इथे तो गेला. मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने ते छापलं आणि त्याच्या विधवेला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. लुटारूचा शेवट असा होत नाही.

मग एवढी बदनामी कशासाठी? त्या काळात न्यूयॉर्कच्या नगरपालिकेत ट्वीड नावाचा पुढारी कोट्यवधी डॉलर लुटत होता. भ्रष्टाचार सगळीकडेच होता. ग्रँटचं वेगळेपण दुसऱ्या गोष्टीत होतं. मुक्त झालेल्या गुलामांच्या मतासाठी त्याने केंद्राची सत्ता वापरली.

३ फेब्रुवारी १८७० ला पंधरावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि वंशाच्या कारणावरून कोणाचंही मत हिरावून घ्यायला बंदी आली. त्याच वर्षी अमेरिकेचं न्याय खातं स्थापन झालं. लवकरच त्याची सूत्रं अॅमॉस अकरमन यांच्याकडे आली. ते जॉर्जियाचे, एके काळी दक्षिणेच्या बंडखोर सैन्यातले, आणि आता काळ्यांच्या हक्कांसाठी झटणारे. खेड्याखेड्यांत रात्री बुरखे घालून फिरणाऱ्या, मतदारांना चाबकाने फोडून काढणाऱ्या, शाळा जाळणाऱ्या कू क्लक्स क्लॅनविरुद्ध १८७०-७१ मध्ये एकामागून एक तीन कायदे झाले. ऑक्टोबर १८७१ मध्ये ग्रँटने साउथ कॅरोलिनातल्या नऊ परगण्यांत अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा, म्हणजे हेबिअस कॉर्पसचा, हक्क स्थगित केला आणि फौज पाठवली. शेकडो जण पकडले गेले, कितीतरी पळाले, आणि काळे व गोरे एकत्र बसलेल्या ज्युरींपुढे खटले चालले. १८७२ पर्यंत त्या पहिल्या क्लॅनचं कंबरडं मोडलं होतं. शांततेच्या काळात नागरिकांच्या जिवासाठी असं पाऊल उचलणारा अध्यक्ष त्याच्याआधी नव्हता, आणि पुढे आयझेनहॉवरने १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांसाठी सैनिक पाठवले, तोवर त्याच्या तोडीचं काही घडलंही नाही.

याबद्दल त्याला ‘सीझर’ म्हटलं गेलं, हुकूमशहा म्हटलं गेलं. उत्तरेतल्या सुशिक्षित सुधारकांनाही काळ्यांच्या संरक्षणाचा कंटाळा आला होता; त्यांना नोकरशाहीची स्वच्छता हवी होती, आणि स्वच्छतेच्या या गोष्टी दक्षिणेतल्या जमीनदारांना फार सोयीच्या पडल्या. पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी राज्यवार प्रबंध लिहून सिद्धांत मांडला: काळे मताधिकाराला नालायक होते, त्यांना तो देणं हा अन्याय होता, आणि ग्रँटचा काळ म्हणजे लूट. हेच पाठ्यपुस्तकांत गेलं. १९१५ चा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ हा क्लॅनला नायक करणारा चित्रपट वुड्रो विल्सनच्या व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. एकोणीसशे तेरा ते सोळा या वर्षांत आपले डॉ. आंबेडकर याच कोलंबियात शिकत होते, आणि ग्रँटची समाधी तिथून चालत काही मिनिटांवर आहे. माझ्या मनातून ही गोष्ट जात नाही. डनिंगच्या सिद्धांताला समोरून भिडणारा ग्रंथ काळे विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९३५ मध्ये लिहिला. विद्यापीठांनी त्याकडे बराच काळ डोळेझाक केली. त्याच डुबॉइसना आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं.

मराठी वाचकाला या इतिहासाशी याहूनही जुना धागा आहे. कोलफॅक्सचं हत्याकांड झालं त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. फुले ज्या कामाचा गौरव करत होते, ते काम त्या क्षणी अर्धंच झालेलं होतं. दास्याचा कायदा मेला होता, पण मोकळ्या माणसाने मतपेटीपर्यंत जिवंत पोचायचं कसं, हा प्रश्न बंदुकीच्या टोकावर उभा होता, आणि त्याला राज्यसत्तेच्या बळावर उत्तर देऊ पाहणारा माणूस ग्रँट होता. फेब्रुवारी १८७९ मध्ये जगप्रवासात तो मुंबईला आला, मलबार पॉइंटच्या राजभवनात उतरला. त्या भेटीत त्याला राजेशाही थाट दिसला. पुण्यात कोणीतरी त्याच्या देशाला पुस्तक अर्पण केलं आहे, हे त्याच्या कानावर कोणी घातलं असतं तर!

ग्रँटच्या नव्या टीकाकारांचंही ऐकलं पाहिजे. जून २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याचा पुतळा पाडला गेला, कारण एके काळी तोही एका गुलामाचा मालक होता. खरं आहे. त्या माणसाचं नाव विल्यम जोन्स. मार्च १८५९ मध्ये ग्रँटने त्याला मुक्त केलं. तेव्हा ग्रँट सेंट लुइसमध्ये तंगीत दिवस काढत होता आणि जोन्सला विकून त्याला चांगली रक्कम मिळाली असती. १८६२ च्या डिसेंबरमध्ये ज्यूंना आपल्या लष्करी विभागातून हाकलण्याचा हुकूमही त्याने काढला होता. अध्यक्ष लिंकनने तो रद्द केला आणि ग्रँटला त्याची लाज पुढेही वाटत राहिली. या दोन गोष्टींत तो बदललेला दिसतो. ब्लॅक हिल्सच्या बाबतीत मात्र मला त्याचा बचाव करता येत नाही. १८६८ च्या तहाने लाकोटा या आदिवासी जमातीची ठरलेली ती भूमी सोन्यासाठी घुसणाऱ्यांना मोकळी करून द्यायचं नोव्हेंबर १८७५ मध्ये व्हाइट हाउसमधल्या बैठकीत ठरलं, आणि पुढच्या वर्षी युद्ध पेटलं.

आता वारा फिरला आहे. जीन एडवर्ड स्मिथ, रॉन चेर्नो यांची चरित्रं आली. सी-स्पॅन वाहिनीच्या इतिहासकार-पाहणीत २००० साली तेहतिसावा असलेला ग्रँट २०२१ मध्ये विसाव्या क्रमांकावर आला. मला त्याचा आनंद आहे. पण जुन्या आरोपांतून सोडवता सोडवता ज्या आरोपाचा खटला चालायलाच हवा, तो निसटू नये. तो आरोप व्हिस्कीचा नाही.

१८७५ च्या शरदात मिसिसिपीत निवडणूक होती. बंदूकधारी गोरे दिवसाढवळ्या सभा उधळत होते, माणसं मारत होते. गव्हर्नर अॅडेल्बर्ट एम्स यांनी केंद्राकडे फौज मागितली. चार वर्षांपूर्वी साउथ कॅरोलिनात जो हात उठला होता, तो आता उठला नाही. दर शरदात दक्षिणेत होणाऱ्या या उद्रेकांना जनता कंटाळली आहे, असं ग्रँटने आपल्या अॅटर्नी जनरलना कळवलं, आणि त्यांनी ते शब्द एम्सना कळवून फौज नाकारली. गुलामीत जन्मलेला मिसिसिपीचा काँग्रेस-सदस्य जॉन रॉय लिंच नंतर ग्रँटला भेटला. लिंचने लिहून ठेवलं आहे, की फौज पाठवली असती तर ओहायोतली निवडणूक हातची जाईल, असं पक्षातल्या लोकांनी सांगितलं म्हणून आपण थांबलो, अशी कबुली ग्रँटने दिली.

ओहायो वाचलं. मिसिसिपीच्या याझू परगण्यात दोनच वर्षांपूर्वी ग्रँटच्या रिपब्लिकन पक्षाला दोन हजारांहून जास्त मतं पडली होती. त्या नोव्हेंबरमध्ये पडली सात.