चरबीची गाठ म्हणून काढली

खांद्यावर किंवा पोटावर तांबूस-तपकिरी, कडक चकती. पेशंट सांगतो, पाच-सहा वर्षं झाली, दुखत नाही, हल्ली वर दोन-तीन उंचवटे आलेत. आपण तिला केलॉइड समजून इंजेक्शनं देतो, नाहीतर चरबीची गाठ म्हणून मायनर ओटीत लोकलखाली काढतो. नमुना पाठवलाच असेल, तर काही दिवसांनी रिपोर्ट हाती येतो : डर्मॅटोफायब्रोसारकोमा प्रोट्युबरन्स, मार्जिन पॉझिटिव्ह.

दारिए आणि फेराँ यांनी १९२४ मध्ये वर्णन केलेला हा कर्करोग दुर्मिळ आहे. अमेरिकेतल्या नोंदींत दहा लाख लोकांमागे वर्षाला चारएक रुग्ण सापडतात. दहा वर्षांनंतरही सुमारे ९९ टक्के रुग्ण हयात असतात, आणि आमच्या मते हाच आकडा आपल्याला गाफील ठेवतो. पेशंट दगावत नाही. गाठ परत आली की तो दुसऱ्या सर्जनकडे जातो. पहिल्याला वाटत राहतं, आपली केस बरी झाली. तुटपुंज्या मार्जिनने काढलेल्या गाठी पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण पाव हिश्शापासून निम्म्याच्याही पुढे नोंदलं गेलंय. मोज पद्धतीत ते एक-दोन टक्क्यांवर येतं. फुप्फुसात पसरणं पाच टक्क्यांहून कमी. पण ज्यांच्यात पसरतं त्यांच्यात बहुधा आधी वारंवार उद्भवलेली किंवा फायब्रोसारकोमाचा अंश असलेली गाठ असते.

ही गाठ हरळीसारखी वाढते. वर दिसते तेवढीच नसते. चरबीच्या पडद्यांतून तिचे धागे एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला बरेच लांब जातात. म्हणून आधी बायोप्सी, तीही चरबीपर्यंत खोल. वरवरच्या पंचमध्ये डर्मॅटोफायब्रोमाचा भास होऊ शकतो, सीडी३४ मागवावं. मोज उपलब्ध नसेल तर सर्व बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर सोडून, खालच्या फॅशियासकट काढावं.

आणि मग नमुन्याची बाटली. फॉर्मवर नुसतं ‘लम्प, शोल्डर’ लिहिलेला, दिशा न दाखवलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर पोचला, की कुठली कड पॉझिटिव्ह हे तो कितीही हुशार असला तरी सांगू शकत नाही. बाराच्या काट्यावर लांब टाका, तीनच्या काट्यावर आखूड, मिनिटभराचं काम. ठरावीक अंतरावर घेतलेल्या उभ्या कापांत मार्जिनचा अगदी थोडा भाग दिसतो. त्यामुळे सगळी कड आणि सगळा तळ तपासून द्या, अशी फोनवर विनंती करावी. फोन करण्यात कमीपणा नाही.

रिपोर्ट येईपर्यंत जखम ड्रेसिंगवर ठेवावी, फार तर ग्राफ्ट लावावं. फ्लॅप फिरवण्याचा मोह प्लास्टिक सर्जन मित्रांनीही आवरावा. ऊती सरकल्या की उरलेला रोग कुठे गेला हे शोधणं जवळपास अशक्य होतं.

इमॅटिनिबला २००६ पासून अमेरिकेत मान्यता आहे. ते काढता न येणाऱ्या, परत आलेल्या किंवा पसरलेल्या गाठींसाठी. तेही १७ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांमधली अदलाबदल तपासून. अपुऱ्या सर्जरीवर पांघरूण घालण्यासाठी ते नाही.

बहुतेक गाठी पहिल्या तीन वर्षांत परत येतात, काही फार उशिरा. दर सहा महिन्यांनी व्रण नुसता पाहू नका, बोटांनी चाचपा. डिस्चार्ज कार्डावर निदानाचं पूर्ण नाव आणि कुठल्या बाजूला किती मार्जिन मिळालं ते लिहा. पुढच्या सर्जनला तेवढा एकच कागद मिळणार आहे.